फायबर, आतड्यांची सूज आणि रोगप्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून आहाराविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले फायबरचे इथे एकत्र केले आहेत. आतड्याच्या आजाराचं निदान झालेलं असेल तर आधी प्रश्न १३ ते १५ वाचा. त्याआधीचा सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही.

१. फायबर म्हणजे भाजीतला चोथा, तेच ना?

चोथा हा त्यातला एक प्रकार. धान्य, डाळी, भाज्या, फळं यांतला कर्बोदकांचा जो भाग लहान आतड्यात पचत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात पोचतो, तो फायबर. काही फायबर डोळ्यांना दिसतं: गव्हाचा कोंडा, शेवग्याच्या शेंगेचे दोरे. काही दिसत नाही. भेंडीचा चिकटपणा, संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागातलं पेक्टिन, हरभऱ्यातल्या ज्या साखरांमुळे गॅस होतो त्या साखरा, हे सगळं त्यातच येतं.

पाकिटांवर विरघळणारं आणि न विरघळणारं अशी विभागणी असते. सूज आणि प्रतिकारशक्तीपुरतं बोलायचं तर मात्र आतड्यातले जिवाणू ते फायबर आंबवू शकतात की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

२. पचतच नाही, मग खायचं कशाला?

आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतं. ते फायबर आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही तीन छोटी मेदाम्लं मोठ्या प्रमाणात तयार होतात. यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. त्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेतली सुमारे ६० ते ७० टक्के त्यातूनच मिळते.

या अस्तरावर बुळबुळीत म्युकसचा थर असतो. जिवाणू त्याच्या पलीकडे आणि आपल्या पेशी अलीकडे, अशी ती व्यवस्था. फायबर मिळेनासं झालं की काही जिवाणू हा थरच खायला लागतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे उंदरांत दाखवून दिलं: फायबर नसलेल्या आहारावर म्युकस पातळ झाला, आणि मग आतड्याला संसर्ग करणारा एक जिवाणू सोडल्यावर या उंदरांना फायबर खाणाऱ्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त त्रास झाला.

३. पण यात रोगप्रतिकारशक्ती कुठून आली?

शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो. कारण उघड आहे. बाहेरचं जग, म्हणजे रोजचं अन्न आणि अब्जावधी जिवाणू, तिथेच शरीराला सगळ्यात जास्त भिडतं. त्या प्रत्येकावर हल्ला करत बसलं तर आतडं कायम सुजलेलं राहील. म्हणून तिथे नियामक टी पेशी असतात. मारबतीच्या दिवशी इतवारीच्या गर्दीत उभा असलेला मुरलेला हवालदार प्रत्येक धक्क्याला लाठी उगारत नाही, आणि शेजारच्या नव्या शिपायालाही उगारू देत नाही. या पेशींचं काम साधारण तेच.

२०१३ मध्ये जपान, न्यूयॉर्क आणि हार्वर्ड इथल्या तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत दाखवलं की प्रश्न २ मधली छोटी मेदाम्लं मोठ्या आतड्यातल्या नियामक टी पेशी वाढवतात. ब्युटिरेट पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या गुंडाळणीवर परिणाम करतं, त्यामुळे ठरावीक जनुकं चालू होतात. शिवाय या आम्लांना ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) प्रतिकारक पेशींवरच बसलेले असतात. साखळी अशी: फायबर, जिवाणू, मेदाम्ल, शांत अस्तर. यातला जिवाणू हा दुवा तुटला तर नुसतं फायबर खाऊन अपेक्षित परिणाम दिसेलच असं नाही. पुढच्या बऱ्याच अपवादांचं मूळ इथेच आहे.

४. म्हणजे फायबर खाल्लं की इम्युनिटी वाढते आणि सर्दी-ताप येत नाही?

नाही. "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेल्या डब्यांवर माझा अजिबात विश्वास नाही, मग त्यात फायबर असो की आणखी काही. प्रतिकारशक्ती फार वाढणं हाही आजारच असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतड्यावर स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा तुटून पडते. फायबरचा फायदा दिसतो तो मुख्यतः अस्तर धड राहण्यात आणि विनाकारण होणारी सूज आवरण्यात. सर्दीवर पाणी, आराम आणि हात धुणं यांनाच नंबर द्या.

५. हे सगळं उंदरांवरच झालंय ना? माणसांचं काय?

रास्त शंका आहे. माणसांवरचा पुरावा आहे, पण तो उंदरांइतका सरळ नाही.

२०१५ मध्ये एक अदलाबदल करून पाहिली गेली. अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीयांना दोन आठवडे ग्रामीण दक्षिण आफ्रिकेसारखं फायबरने भरलेलं, कमी चरबीचं जेवण दिलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २० ग्रामस्थांना अमेरिकी पद्धतीचं. अमेरिकनांच्या मोठ्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं आणि अस्तरातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. आफ्रिकनांत नेमकं उलट घडलं, तेही अवघ्या दोन आठवड्यांत. अर्थात फायबरसोबत चरबी आणि मांसही बदललेलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय फायबरला देता येत नाही.

अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ७० हजार परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत (२०१३) सर्वाधिक फायबर खाणाऱ्यांना क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकाळ सुजेच्या आजाराचा धोका सुमारे ४० टक्के कमी आढळला, आणि हा संबंध मुख्यतः फळांतल्या फायबरशी होता. अल्सरेटिव्ह कोलायटिसबाबत मात्र असा संबंध दिसला नाही. आणि हा संबंधच आहे. फळं खाणारी माणसं इतरही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करतात.

तिसरा अभ्यास २०२१ चा, स्टॅनफर्डचा, ३६ निरोगी प्रौढांवरचा. अर्ध्यांनी दहा आठवडे फायबर वाढवलं, अर्ध्यांनी दही-किमचीसारखे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांत रक्तातली सुजेशी निगडित १९ प्रथिनं घटली. फायबरवाल्यांत सरसकट तसं झालं नाही. ज्यांच्या आतड्यात आधीपासून जिवाणूंची विविधता जास्त होती, त्यांच्यात सूज कमी झाल्याचं चित्र जास्त दिसलं. पुन्हा प्रश्न ३ मधला तोच दुवा.

६. रोज किती खायचं? आणि मोजायचं कसं?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद २००० कॅलरीच्या आहारात ३० ग्रॅम सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान २५ ग्रॅम, तेही अन्नातूनच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात साधारण असं फायबर असतं: अख्खा हरभरा २५ ग्रॅम, हरभरा डाळ १५, कणीक ११, ज्वारी १०, तूर डाळ ९, पेरू साडेआठ, पांढरा तांदूळ आणि मैदा ३ च्या आत. म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्या, वाटीभर वरण, मूठभर हरभऱ्याची उसळ, दोन वेळची भाजी आणि एक पेरू एवढ्यात ३० चा आकडा गाठला जातो. काटा घेऊन बसायची गरज नाही. ज्या दिवशी ताटात भात, बटाटा आणि ब्रेड एवढंच होतं, त्या दिवशी तो गाठला नाही हेही कळतंच.

७. तर्री पोह्यांत हरभरे असतात. मग तो फायबरचा नाश्ता धरायचा का?

नागपुरात हा प्रश्न येणारच होता. पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळ, त्यात फायबर कमी. किमतीचा भाग तो तर्रीतला काळा हरभरा. पण टपरीवाला वरून डाव फिरवतो तेव्हा प्लेटमध्ये लाल तवंगच जास्त येतो, चणे पातेल्याच्या तळाशी राहतात. कस्तुरचंद पार्क असो की गल्लीतला ठेला, "तर्री कमी, चना जास्त" एवढं सांगून पाहा. मुठीएवढे शिजलेले चणे, वर कांदा, सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू पडलं तर नाश्ता वाईट नाही. शेव मात्र त्यात काही भर घालत नाही.

८. सावजी खाल्लं की दोन दिवस आग होते. ही आतड्याची सूज का?

बहुतेक वेळा नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, म्हणून आग होते. पेशींना इजा होऊन सूज येणं ही निराळी गोष्ट. निरोगी माणसाला तिखटाने कोलायटिस होतो असा पुरावा नाही. आयबीएस, म्हणजे सूज न दिसताही पोट वारंवार बिघडण्याचा विकार, असलेल्यांचा त्रास मात्र तिखट-तेलाने नक्की वाढतो (प्रश्न १३). रस्सा भातासोबत ओरपण्याऐवजी ज्वारीच्या भाकरीसोबत खा, एवढीच माझी सूचना. सावजी सोडा असं सांगून कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

९. संत्रा खावा की रस प्यावा?

संत्राच. फोडीचं पातळ साल आणि पांढरे धागे यांतच पेक्टिन असतं; गाळलेल्या रसात ते जवळपास उरत नाही, साखर तेवढी उरते. पण खरं सांगायचं तर फायबरच्या शर्यतीत संत्रा मधल्या फळीतला: मध्यम आकाराच्या फळातून २ ग्रॅमच्या आसपास. पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे. संत्रा बर्फीचा विचार इथे करूच नका.

१०. पोळी सोडून भाकरी सुरू केली तर सूज कमी होईल का?

फायबरच्या आकड्यात कणीक आणि ज्वारी जवळपास सारखीच (प्रश्न ६), त्यामुळे नुसत्या अदलाबदलीने मोठा फरक पडणार नाही. मोठा फरक मैद्याचा आहे. आणखी एक जागा आहे ती चाळणीची. गिरणीतून आणलेली कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देण्याची अनेक घरांत सवय असते, आणि तिथेच अर्धं काम बिघडतं. जाडसर चाळा किंवा चाळू नका.

ग्लुटेनने त्रास होणाऱ्या सिलिअ‍ॅक रुग्णांसाठी ज्वारीची भाकरी खरोखर औषधासारखी आहे, पण तिथे फायबर हे कारण नाही.

भाकरी-पोळी आलटून पालटून, डाळी बदलत्या, कधी बरबटी, कधी अंबाडी, हिवाळ्यात हुरडा, असं वेगवेगळं खाणं कुठल्याही एका धान्याच्या हट्टापेक्षा बरं. जिवाणूंच्या वेगवेगळ्या जातींना वेगवेगळं फायबर लागतं.

११. शिळ्या भातात फायबर वाढतं म्हणतात. खरं आहे का?

हो, थोडं. भात शिजवून गार केला की त्यातल्या काही स्टार्चची पुन्हा घट्ट रचना होते आणि तो लहान आतड्यात पचत नाही. परत गरम केल्यावरही त्यातला बराच टिकतो, म्हणजे फोडणीचा भात चालेल. पण मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खाऊ नका. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात आणि त्याचं उलट्या घडवणारं विष गरम केल्यानेही जात नाही. भात उरला की तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

१२. फायबर वाढवलं आणि पोट फुगून ढोल झालं. बंद करू का?

बंद नको, कमी करा. गॅस हे जिवाणू कामाला लागल्याचं लक्षण आहे, सुजेचं नाही. एकदम १२ ग्रॅमवरून ३५ वर उडी मारली की असं होणारच. आठवड्याला एखादाच पदार्थ वाढवा. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेका, मोड आणा, मऊ शिजवा. पाणी वाढवा, उन्हाळ्यात तर जास्तच. घाम गाळून आणि पाणी न पिता इसबगोल घेतला तर बद्धकोष्ठ सुटण्याऐवजी घट्ट होतो.

इसबगोलाबद्दल इथेच सांगतो. ती भुशी पाणी धरून जेलीसारखी होते आणि मल मऊ ठेवते, पण जिवाणू ती फारशी आंबवू शकत नाहीत. त्यामुळे गॅस कमी, आणि ब्युटिरेटही कमी. शौचासाठी उत्तम, उसळ-भाजीला पर्याय नाही. मोठा ग्लासभर पाण्याशिवाय घेऊ नका. गिळायला त्रास असणाऱ्या वृद्धांना तर देऊच नका, घशात अडकू शकतो.

१३. आयबीएस आहे. डॉक्टर फायबर घ्या म्हणतात, आणि घेतलं की त्रास होतो.

कुठलं घेता त्यावर आहे. नेदरलँड्समधल्या २००९ च्या चाचणीत इसबगोलाने आयबीएसच्या रुग्णांना आराम पडला, गव्हाच्या कोंड्याने नाही. उलट कोंडा घेणाऱ्या बऱ्याच जणांनी चाचणी अर्धवट सोडली. कांदा, लसूण, हरभरा, राजमा यांतलं झटपट आंबणारं फायबर काहींना झेपत नाही. ते काही आठवडे कमी करून मग एकेक परत आणून पाहायचं असतं, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. कायमचं बंद करायचं नसतं.

आयबीएसमध्ये सूज दिसत नाही. ती आहे का हे शौचाच्या कॅल्प्रोटेक्टिन तपासणीतून बऱ्यापैकी कळतं. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा हिमोग्लोबिन घसरणं यांतलं काहीही असेल तर ही पानं वाचत बसू नका, पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.

१४. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असेल तर फायबर औषधासारखं काम करेल का?

औषधाच्या जागी नाही. आजार शांत असताना बहुतेकांना फायबर चालतं आणि ते सरसकट तोडायची गरज नसते. १९९९ च्या एका छोट्या स्पॅनिश चाचणीत, आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांत इसबगोलाच्या बिया आणि मेसालामिन (कोलायटिसवरची नेहमीची गोळी) यांचे निकाल जवळजवळ सारखे आले. मेसेजमध्ये हीच बातमी "गोळ्या बंद करा" अशी फिरते. एवढ्या छोट्या चाचणीवर गोळी बंद करणं म्हणजे पुन्हा रक्त पडायला आमंत्रण.

आजार उसळलेला असताना चित्र पालटतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की कोलायटिसच्या काही रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू इन्युलिनसारखं फायबर आंबवू शकत नाहीत, आणि न आंबलेलं ते फायबर प्रतिकारक पेशींना चिथावतं. म्हणून आजार उसळलेल्या काळात प्रीबायोटिक (जिवाणूंना खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या) पावडरी आणि इन्युलिन घातलेले बार दूर ठेवा. मऊ भात, मुगाचं वरण, साल-बिया काढून शिजवलेला दुधी किंवा कोहळं यावर दिवस काढा आणि त्रास ओसरल्यावर हळूहळू परत या. मुलांच्या क्रोन्समध्ये तर सहा ते आठ आठवडे फक्त द्रव आहार देतात, अनेकदा फायबर नसलेलाच, आणि त्यानेही सूज उतरते. फायबर म्हणजे नेहमीच सुजेवर उतारा, या समजुतीला यापेक्षा चांगला अपवाद नाही.

१५. आतडं अरुंद झालंय असं स्कॅनमध्ये आलं. उसळ, पालेभाजी चालेल?

डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हणेपर्यंत नाही. क्रोन्समुळे आणि आपल्याकडे आतड्याच्या टीबीमुळेही आतड्याचा भाग अरुंद होतो. हे दोन्ही आजार दिसायलाही इतके सारखे की निदानात गल्लत होऊ शकते. अशा जागी मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडींचं साल, शेंगांचे दोरे, पेरूच्या बिया अडकून आतडं बंद पडू शकतं. कळा येऊन पोट फुगणं, उलट्या आणि वायूही न सरणं ही तातडीची लक्षणं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांनाही हाच नियम.

१६. अँटिबायोटिकनंतर दही खाऊ की फायबर?

दोन्ही. ताक, दही, ज्वारीची आंबील यांतले जिवाणू बहुतेक पाहुणेच असतात, राहतात ते आतले जुने. त्यांना पुन्हा वाढायला अन्न लागतं, ते फायबरचं. जुलाब सुरू असतील तर आधी ते थांबू द्या.

१७. हिमोग्लोबिन कमी आहे. फायबरने लोह अडतं का?

लोह अडवतं ते मुख्यतः धान्य-डाळींतलं फायटेट, जे फायबरच्या सोबतीने येतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं याने ते घटतं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणासोबत चहा घेऊ नका. लोहाची गोळी भाकरी-उसळीच्या जेवणाला जोडून न घेता मध्ये अंतर ठेवा.

१८. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल दोन्ही चालू आहे. चालेल?

चालेल, पण एकत्र नको. इसबगोल गोळीचं शोषण कमी करू शकतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, इसबगोल रात्री, ही सोपी वाटणी. मधुमेहाच्या आणि इतर गोळ्यांमध्येही किमान दोन तासांचं अंतर ठेवा. फायबर बरंच वाढवल्यानंतर टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) किंवा साखर बदलली असेल तर डोस बदलायच्या आधी डॉक्टरांना इसबगोलाचंही सांगा. ते औषधात मोडत नाही असं समजून बहुतेक जण सांगतच नाहीत.